बिभीषणला जामीनदार

“गांजावाल्याला जामीन राहायला आपलंच घर सापडलं का? तो पळाला तर कोर्ट आपल्या मागं लागंल, अव्वा!” सिद्धलिंगनं जेवणाचं ताट सरकवलं.

“हळू बोल. बाहेर गिऱ्हाईक जेवतंय,” त्याची आई नागम्मा भाकरी थापता थापता म्हणाली.

“त्याच्या सख्ख्या भावानं न्हाई म्हटलंय,” सून महेश्वरी म्हणाली. “तुमी कोण लागता त्याच्या?”

होटगी रोडवरचं हे घर नवऱ्यामागं नागम्माच्या नावावर झालं. पुढच्या खोलीत तिची खानावळ. वैरागचा बिभीषण टेम्पो चालवायचा आणि इथंच जेवायचा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या टेम्पोत कांद्याच्या गोण्यांखाली गांजा सापडला. माल मोठा, म्हणून कायदाही कडक. खालच्या कोर्टानं जामीन नाकारला. खटला काही उभा राहीना, तेव्हा आता कुठं हायकोर्टानं दिला. पण शहरात घर असलेला जामीनदार हवा. तो मिळेना, म्हणून बिभीषण अजून आतच.

“त्यानं केलं न्हाई, हे तुला काय ठाव?” सिद्धलिंगनं विचारलं.

“मला न्हाय ठाव. ते जज्जसाहेब बघतील. त्याच्या वकीलबाई म्हणाल्या, तारखेला तो येईल, एवढीच हमी द्यायची.”

“आणि ते तुला ठाव हाय?”

नागम्मानं भाकरी तव्यावर टाकली. “धरला त्या दिवशी त्याला फोन करू दिला होता. तूच घेतलास की. काय म्हणाला?”

सिद्धलिंगनं महेश्वरीकडं पाहिलं.

“सांग की महेश्वरीला.”

“म्हणाला...” त्यानं मान खाली घातली. “‘माझ्या घरी कळवा. आणि मावशीला सांगा, आज माझी भाकरी थापू नका.’”

न सांगता गेलेल्या किती गिऱ्हाइकांच्या शिळ्या भाकरी नागम्मानं दुसऱ्या दिवशी कुस्करून खाल्ल्या होत्या. शिकलेले होते, पगारदार होते. बिभीषणची भाकरी मात्र कधी उरली नव्हती.

“तरी पळालाच तर?” महेश्वरीचा आवाज खाली आला होता.

“तर मी निस्तरीन. घर माझ्या नावावर हाय.”

तिनं भाकरी उलटली, फुगू दिली, सिद्धलिंगचं ताट पुन्हा त्याच्यापुढं ओढून त्यात वाढली.

“उद्या अकराला मी कोर्टात. दुपारच्या भाकरी महेश्वरी थापील. वाढायला तू थांब.”