जावेच्या घरचे पापड

माझ्या चुलत जावेइतकी गैरसोयीची बाई उभ्या कसबा पेठेत दुसरी नसेल. मी चौथी शिकलेली, ती मॅट्रिक. पण तिचं बोलणं शिक्षणातून आलेलं नाही, कारण मॅट्रिक होऊन तोंड मिटून बसलेल्या मी पुष्कळ पाहिल्या. रिक्षात बसली की मीटर पडायच्या आत ती रिक्षावाल्याला आपण कोणाला मत दिलं ते सांगणार आणि मग त्याला त्याचं विचारणार. मी एकदा म्हटलं, "अगं, मत गुप्त असतं." तर म्हणाली, "बटण दाबेपर्यंत. नंतर ते माझं आहे." निवडणुकीच्या तोंडावर एका उमेदवाराने हळदीकुंकू ठेवून बायकांना स्टीलच्या कळश्या वाटल्या. हिने कळशी उलटी करून बूड वाजवून पाहिलं आणि त्यालाच विचारलं, "छान आहे. पाणी कधी वाटताय?" हे कळल्यावर त्याच्या विरोधातल्या माणसाने हिला मानाने सभेला बोलावलं. तिथे त्यालाही तिने पहिल्या रांगेतून विचारलं, की मागची पाच वर्षं आपण कोणत्या गावाला होता. तेव्हापासून दोन्ही बाजूंना ती दुसऱ्या बाजूची वाटते.

आम्ही गल्लीतल्या सहाजणी उन्हाळ्यात एकमेकींकडे उडदाचे पापड लाटायला जायचो. जिचा दिवस तिने डांगर कुटून ठेवायचं, बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून जायचं. हिचा पापड इतका पातळ, की खाली वर्तमानपत्र ठेवून बातमी वाचावी. आणि ती वाचायचीही, वर त्यावर बोलायचीही. दुसरीचा पापड जाड दिसला की गोळा करून परत पुढ्यात ठेवायची. तरी प्रत्येकीला आपल्या दिवशी ती आधी हवी असायची.

गेल्या वर्षी पाच घरचे पापड झाले, हिचेच राहिले होते. आदल्या दुपारी आमच्या ग्रुपवर एकीने निरोप टाकला, की सणाची खरेदी आपल्याच माणसांकडे करा, मुसलमानांच्या दुकानाची पायरी चढू नका. आम्ही चौघींनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. फोनवर हात जोडायला काही लागत नाही. हिने बोलून उत्तर पाठवलं, ते घराघरांत मोठ्याने वाजलं: "मी चाळीस वर्षं ज्या भाईंकडे बांगड्या भरते, त्यांच्याकडेच भरणार. माझा हात कुठे अडतो ते त्यांना माहीत आहे. मला शिकवू नका. उद्या नऊला या, दोन किलोचं डांगर आहे."

नऊला कोणी गेलं नाही. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं डोकं दुखलं. माझा मुलगा म्हणाला, "आई, तू मध्ये पडू नकोस. आपल्याला इथेच राहायचंय." मीही त्याच भाईंकडे बांगड्या भरते. अकरा वाजता मी गेले, पण रिकाम्या हाताने. काखेत पोळपाट दिसलं असतं तर कुठे चालले ते गल्लीला कळलं असतं.

सतरंजी अंथरलेली, ओल्या फडक्याखाली डांगर, आणि ती एकटी लाटत बसलेली. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"पोळपाट?"

"विसरले."

"पापडांना येताना?"

पोळपाट एकच, म्हणून मी लाट्या करत गेले आणि ती लाटत गेली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "जाऊबाई, माझं चुकलं का?"

"नाही चुकलं."

"मग ते तिथे का नाही बोललात?"

मी लाटीला तेल लावत राहिले. अर्धंअधिक डांगर आमच्या डोळ्यांदेखत दगड झालं. शेवटी पापड जाड व्हायला लागले, पण तिने एकही मोडून परत लाटला नाही.

यंदा पाचजणींचे दिवस ठरले. तिला कोणी विचारलं नाही, आणि मी विषय काढला नाही. तिने दुकानातून पाकीट आणलं. ग्रुपवर ती अजून आहे, पण बोलत नाही. बायका म्हणतात, निवळली हो. मला तसं वाटत नाही. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला आम्ही गप्प केलं, आणि त्याला ना पोलीस लागले ना पुढारी.

परवा देवळाच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो होतो. जन्मात कधी विचारलं नव्हतं ते मी विचारलं, "काय गं, यंदा तुला कोण निवडून येईलसं वाटतं?"

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. म्हणाली, "ऊन फार आहे, जाऊबाई."

होतंच. मी थोडी सरकले, तिला सावलीत जागा केली.