पळसाच्या पानांचा पुतळा

मी पासली सोडली त्या दिवशी काकी वेल्ह्यापर्यंत चालत आली. निघणाऱ्याच्या समोर विधवेनं येऊ नये म्हणून सगळ्यांच्या मागं उभी राहिली. एस.टी. सुरू झाली तशी मात्र खिडकीशी आली. म्हणाली, "पुण्यात फौजेची कचेरी हाय म्हनत्यात. तुझं चुलतं कुठं गेलं, कसं गेलं, तेवढं इचार." बाकीच्यांनी आपलं तब्येतीला जप म्हणून सांगितलं.

तुम्ही गावात राहिलेल्यांनी हे ऐकलेलंच आहे, पण आपल्यातली जी पोरं बाहेर वाढली त्यांच्यासाठी सांगतो. आमचे तात्या, म्हणजे काकीचे मालक, मोठ्या लढाईत आफ्रिकेला गेले आणि 'बेपत्ता' असा कागद आला. बेपत्ता म्हणजे मेला, एवढंच गावाला कळलं. वर्षभर वाट बघून आजीनं हट्टानं पळसाच्या पानांचा पुतळा करवला. तो जाळून त्यांचे दिवस घातले. काकीच्या बांगड्या फोडल्या. विशीसुद्धा उलटली नव्हती तिची.

पुण्यात कारखान्यातली शिफ्ट, भाड्याची खोली आणि रजा मिळाली की कचेरीत खेटे. आज साहेब नाहीत, उद्या या. मीही चिवट, सोडतोय कुठं! शेवटी एका कारकुनानं जुने कागद काढून वाचलं. तात्या पकडले गेले होते. इटलीत कैदेत होते. लढाई सरल्यावर सुटले, बोटीनं मुंबईला उतरले आणि घरी रवाना झाले. घरी! मी त्याला पुन्हा वाचायला लावलं.

गावी जाऊन वडिलांना सांगितलं. वाटलं, आबा दचकतील. ते दचकले नाहीत. म्हणाले, "आला व्हता. शिवंवर गाठला म्या. म्हनलं, तुजं दिस घातलं, आता घरात घेतला तर गाव वाळीत टाकंल. गेला माघारी."

आत काकी तांदूळ निवडत होती. ती दारात आली. तिनं एवढंच विचारलं, "माझं नाव काढलं व्हतं का त्यांनी?"

"व्हय," आबा म्हणाले.

मला आबांचा इतका राग आला की त्यांच्या घरचं पाणीही मी प्यालो नाही. मागाहून भोरच्या एका भटजींना विचारलं. ते म्हणाले, असा माणूस परतला तर त्याचं पुन्हा बारसं करतात, त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात, शास्त्रातच आहे. एवढंच कुणीतरी विचारायचं होतं हो!

आबांशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकी माझ्याबरोबर एस.टी.त बसली, ती आजतागायत माझ्याच खोलीत आहे. तात्या पुढं कुठं गेले, आहेत का नाहीत, ते कुठल्याच कचेरीत सापडलं नाही. काकी रोज सकाळी कुंकू लावते. शेजारणींनी विचारलं तर मालक परगावी असतात म्हणून सांगते, आणि त्या तिला हळदीकुंकवाला बोलावतात.

तुम्ही पत्रातून सारखं विचारता, घरी कधी येणार. पासलीत काकी विधवा आहे, इथं सवाष्ण. तिला घेऊन कुठल्या घरी यायचं, ते तुम्हीच सांगा.