तोफेचा पडदा

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून तोफेच्या पडद्याची घडी घातली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. "अवो, ताणून धरा की! काय भाकरी धरल्यावानी धरताय?" घडी झाली, घडीवर हात ठेवून ती खाली बसली. ती पुन्हा काही उठली नाही.

पुंडलिकनगरात तिला सगळे मशीनवाल्या काकू म्हणायचे. माझी बायको. जीभ कात्रीहून धारदार. शेंद्र्याकडं एका कंपनीत दोन देश मिळून तोफ बनवत होते. संशोधन त्यांचं, लोखंड आपलं, असं मॅनेजर सांगायचा. "आन् पडदा माझा," ही म्हणायची. करारावर सह्या झाल्या की साहेब लोक दोरी ओढून जो मखमलीचा पडदा पाडतात, तो हिच्या मशीनवर शिवला जायचा.

पडद्याचं माप कधी एक राहिलं नाही. गोरे पाहुणे म्हणायचे नळी लांब करा, दिल्लीचे म्हणायचे आखूड करा. की मॅनेजर तोंड पाडून आमच्या दारात. शिवण उसवता उसवता ही म्हणायची, "दोन जावांनी एका चुलीवर सैपाक मांडलाय. जेवणार कोण, त्याचा पत्ता नाय." मी चौथीपर्यंत शिकलेला, पण पोकळ माणूस मला बोलण्यावरून कळतो. इतके कोट, इतक्या फायली, हात मिळवतानाचे इतके फोटो, आणि गोळा एक सुटला नाही.

तिला एकदाच ती तोफ डोळ्यांनी बघायची होती. "बाळ न बघता कुंच्या शिवतीय मी," म्हणायची. मॅनेजरनं शब्द दिला. ठेवणीतली साडी नेसून ही गेटवर गेली. दरबानानं पडदा घेतला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही जावा आता. आत सगळं गुप्त हाये." आतल्या टाळ्या आम्ही रस्त्यावर उभं राहून ऐकल्या. रिक्षात म्हणाली, "दौलताबादची तोफ उघडी पडलीय, कुणी बी हात लावतं. हिलाच एवढी कसली लाज?" हसली, पण तोंड फिरवून.

पुढं त्या देशाशी फाटलं. नवा देश, नवा करार, नवा पडदा. मॅनेजर पुन्हा म्हणाला, "काकू, या वेळी नक्की." त्याच पडद्यावर हात ठेवून ती गेली. संध्याकाळी तिला मसणात पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा खांद्यावर टाकला. मेव्हणा आडवा आला, "दाजी, सुतकात कुठं? लोक काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू दे. गेटवर मॅनेजरला सांगितलं, "बाई गेली. तिच्या वाटचं मी बघणार. नायतर पडदा नाय." पाहुणे येऊन बसलेले. घाम पुसत त्यानं आत नेलं.

लाकडाचा सांगाडा होता, हिरवा रंग फासलेला. नळीला हात लावला तर रंग बोटाला आला. "खरी तोफ करार झाल्यावर, बाबा," मॅनेजर पुटपुटला.

सगळ्या साहेबांसमोर मी मोठ्यानं म्हणालो, "बघितली गं. लाकूड हाये." आणि पडदा परत घेऊन घरी आलो.