आबाचं डायलिसिस अन् गाडीवरचा मारुती

त्या दिवशी गाडी बंद पडली तवा माझ्या मनात आलं, देव हाय का नाय. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

आमच्या आबाचं, म्हंजे माझ्या वडलांचं, डायलिसिस चालू हाय. गाव गंगापूरच्या अलीकडं, दवाखाना शहरात, छावणीच्या पुढं. मशीनचा नंबर ठरलेला असतो. उशीर झाला की नंबर दुसऱ्याला जातो, अन् अंगातलं पाणी तसंच राहून आबाला श्वास घेता येत नाय. जीपमधल्या दाटीत त्याचा जीव घाबरतो, म्हणून मी त्याला मोटारसायकलवरच नेतो.

दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, अन् हँडलवर मारुतीरायाची बारकी मूर्ती चिकटवली. तिच्या आत लाल लाईट. वायर मीच जोडली. शाळा मी बाहेरूनच जास्त बघितली, पण त्या दिवशी इंजिनिअर झालो होतो. चावी फिरवली की मारुती उजळायचा अन् मी गावभर छाती काढून फिरायचो.

तवापासून गाडीचा फ्यूज उडायला लागला. फ्यूज गेला की हॉर्न नाय, लाईट नाय, गाडी मेलेली. मी बॅटरी बदलली, प्लग बदलला, मागचा दिवा खोलला. तंबाखूच्या डबीत फ्यूज घेऊन फिरायचो. मारुतीच्या वायरीवर मात्र कधी संशय आला नाय. देवावर कोण संशय घेतंय?

त्या दिवशी खड्डा चुकवायला हँडल वळवलं अन् गाडी गेली. नवा फ्यूज टाकला, जरा पुढं गेलो, परत गेली. असं करत करत डबीत एकच उरला. ऊन तापलेलं. आबा दगडावर बसला, पाय सुजून चपलीत मावंनात. तरी मला म्हणतो, "पेट्रोल तरी हाय का बघ." मी रागानं किक मारली तर माझीच चप्पल उडून रस्त्याच्या पलीकडं पडली. आबा हसला, हसता हसता खोकला, अन् त्याला दम लागला. ते बघून मी रस्त्याच्या मधी जाऊन उभा राहिलो. जीपांना हात केला, भरलेल्या होत्या, थांबल्या नाय. लई थकलो होतो. रोज देवाला हुकूम सोडल्यासारखं मागायचो, हे कर, ते कर. त्या टायमाला मागायचंबी त्राण नव्हतं. मूर्तीसमोर नुसतं म्हणलं, मला काय कळत नाय, तूच बघ.

शेजारच्या रानात कापूस वेचणारी एक म्हातारी पाणी घेऊन आली. आबाला तांब्या द्यायला लागली, मी म्हणलं मावशी, घोटभरच, ह्याला पाणी मोजून हाय. पाण्यालाबी माप लावणारा हा कसला रोग, म्हणत तिनं घोटभर पाजलं. मग तिचं ध्यान मारुतीकडं गेलं. देवाच्या तोंडावर एवढी धूळ बसू देतो व्हय, म्हणून मला झापलं अन् पदरानं पुसायला लागली. पुसता पुसता मूर्ती वायरीसकट तिच्या हातात आली. म्हातारीनं मूर्ती कपाळाला लावली.

"माझ्या हातानं देव निघाला रं, बाबा."

"राहू दे मावशी," मी म्हणलं, "तेवढंच व्हायचं राहिलं होतं."

शेवटचा फ्यूज टाकला. गाडी चालू झाली. भीत भीत हँडल इकडं वळवलं, तिकडं वळवलं. चालूच. मग म्हातारीच्या हातातली वायर बघितली. एका जागी तिची साल घासून गेलेली, तांबं उघडं, जळून काळं पडलेलं. हँडल वळलं की ते लोखंडाला टेकत होतं अन् फ्यूज उडत होता. म्हंजे गाडी मीच बंद पाडत होतो, अन् चालू कर म्हणून देवाच्या पाया पडत होतो. आबाच्या पिशवीत सुई काढल्यावर हाताला लावायची चिकटपट्टी होती, ती मी गाडीला मारुतीची वायर जोडली होती त्या जागी गुंडाळली.

आबानं मूर्ती मांडीवर घेतली अन् म्हातारीला म्हणला, "तू भिऊ नको, बाई. तो उतरायचीच वाट बघत होता, पण ह्या येड्याला सांगणार कोण?"

लोक म्हणतेत योगायोग. असंल. मी भांडत नाय. मला एवढंच कळलं, की मी गप झालो तवा त्याला काम करायला जागा मिळाली. त्या मावशीच्या पदराला माझा रोज नमस्कार हाय.

नंबर जायच्या आत पोचलो. आबाला मशीन लागली. मी बाहेर बाकड्यावर बसलो, काळ्याकुट्ट हातानंच हात जोडले, अन् मागायला काय सुचंना. मग तसाच बसल्या जागी झोपलो.