भिंत कोरडी आहे

नाना डाव्या हातानं लिहायला तयार नव्हते आणि आमच्या घरातलं सगळं तिथंच अडलं होतं.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. द्वारका चौकाजवळच्या एका गाळ्यात त्यांचं पेंटरकाम चालायचं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मजकूर आणि सगळ्यात जास्त म्हणजे भिंती. त्र्यंबकेश्वरच्या नि पेठच्या रस्त्यानं खतांच्या, पाइपांच्या, पंपांच्या ज्या जाहिराती भिंतींवर दिसायच्या, त्यातल्या कितीतरी त्यांच्या हातच्या. बसच्या खिडकीतून मी त्या ओळखायचे. त्यांचा 'र' जरा छाती काढून उभा असायचा.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं कळतंय, शब्दही डोक्यात जागच्या जागी आहेत, फक्त जिभेला ते पेलत नाहीत. मग आमचे अंदाज सुरू झाले. पाणी हवंय का, पंखा लावू का, उशी काढू का. दोन-चार अंदाज चुकले की नाना तोंड फिरवून घ्यायचे. हळूहळू त्यांनी सांगायचा प्रयत्नच सोडला. दुखण्यापेक्षा मला त्याची भीती वाटायची. समोर बसलेला माणूस आता कायमचा गप्प होतोय की काय, असं मनात यायचं.

आईनं पाटी आणली. नानांनी डाव्या हातानं एक अक्षर काढलं, त्याच्याकडे बघितलं, तळव्यानं पुसलं आणि पाटी पलंगाखाली सरकवून दिली. जन्मभर वळणदार अक्षरावर पोट भरलेला हा माणूस वाकडंतिकडं लिहून बायकोकडे पाणी मागणार नव्हता. मला राग आला. एवढा कसला ताठा, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालेसुद्धा.

मी तेव्हा गंगापूर रोडला, वेबसाइट बनवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात कामाला होते. त्या रागाच्या भरातच सुचलं, की अक्षर काढायचं नसेल तर तयार अक्षर देऊ. मी एक वेबपान बनवलं. त्यावर अ ते ज्ञ सगळी अक्षरं आणि मात्रा बटणांसारख्या मांडल्या. डाव्या हातानं माउस धरून अक्षरावर टिचकी मारली की ते वरच्या चौकटीत उमटायचं. खाली 'लिहा' असं एकच बटण. ते दाबलं की मजकूर दूरच्या सर्व्हरवर एका फाइलीत जमा होणार आणि मला ऑफिसात, ताईला पुण्यात, लगेच वाचता येणार. घरी एक जुना कॉम्प्युटर होता, इंटरनेट फोनच्याच लायनीवर चालायचं, ते चालू असेपर्यंत फोन एंगेज लागायचा. नानांनी एकेक अक्षर निरखलं, 'र' बघून नाक मुरडलं, पण माउस सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारभर घरचा फोन एंगेज लागत होता. म्हणजे नाना लिहीत होते. मी कामाचं सोंग आणून बसले होते, लक्ष सगळं त्या पानाकडे. पानावर काहीच आलं नाही. मग आईचा फोन आला. नानांनी बटण दाबल्यावर लाल अक्षरांत काहीतरी आलं आणि लिहिलेलं सगळं गेलं, असं तिनं हळू आवाजात सांगितलं.

सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलीला मालक असतो आणि ती कोणी वाचायची, कोणी लिहायची हे ठरवून दिलेलं असतं. फाइल माझी होती, पण वेबपान चालतं सर्व्हरच्या नावानं. त्यामुळे मी मालकीण असले तरी माझ्याच पानाला तिथं लिहायची परवानगी वेगळी द्यावी लागायची. ती मी दिली होती. सर्व्हरवरची जागा भाड्यानं देणाऱ्या होस्टिंगवाल्यांनी मधेच काही डागडुजी केली आणि त्यात ती गेली. माझ्या प्रोग्रामनं तपासणी केली होती, बरं का. बटण दाबल्यावर त्यानं रीतसर विचारलं, इथं लिहिता येतं का, आणि येत नाही म्हटल्यावर रीतसर तसं कळवलं. सगळे प्रोग्रामर असंच करतात. लिहिणाऱ्याला एक वाक्य जुळवायला अख्खी दुपार लागत असेल, हे त्यात कोणी धरलेलं नसतं.

परवानगी मी लगेच दुरुस्त केली. पण नाना कॉम्प्युटरकडे पाठ करून बसायला लागले. आईनं जेवणाच्या वेळी विषय काढला की ताट सरकवायचे.

रविवारी मी त्यांच्या पलंगावर जाऊन बसले आणि झालेला प्रकार समजावून सांगायला लागले. तुमचं काही चुकलं नाही, म्हटलं. सर्व्हर म्हणजे दुसऱ्याची भिंत, आपल्याला तिथं विचारून लिहावं लागतं आणि त्या दिवशी भिंतीनं घेतलं नाही. भिंत म्हटल्यावर नाना वळले. डावा हात उचलून त्यांनी पलंगामागच्या भिंतीवर तळवा सावकाश फिरवला आणि तोच तळवा माझ्यापुढे धरला. डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चिडवल्यासारखं काहीतरी होतं.

शाळेच्या सुटीत मी त्यांच्याबरोबर गावोगाव जायचे, तेव्हाचं आठवलं. घरमालकाला विचारल्याशिवाय ते भिंतीला हात लावत नसत आणि मालकानं होकार दिला तरी लगेच रंगाचा डबा उघडत नसत. आधी तळवा फिरवायचे. हाताला चुना आला किंवा ओल लागली, की आज नाही म्हणून सरळ निघायचे. हे सगळं रंग कालवायच्या आधी. मी मात्र त्यांना दुपारभर रंगवायला लावून मग भिंतीला हात लावला होता.

मी पान पुन्हा लिहायला घेतलं. आता ते उघडताक्षणी आधी सर्व्हरला विचारायचं. नुसतं विचारून कधीकधी खोटं उत्तर येतं, म्हणून एक ठिपका खरोखर लिहून पुसूनही बघायचं. जमलं तरच अक्षरं दिसणार आणि वर ओळ येणार, 'भिंत कोरडी आहे.' नाही जमलं तर अक्षरं दिसणारच नाहीत, फक्त 'आज भिंत ओली आहे.' ऑफिसात माझी यथेच्छ थट्टा झाली. झाली तर झाली.

मंगळवारी दुपारी घरचा फोन एंगेज लागला. मी पान उघडून बसले. बऱ्याच वेळानं त्यावर दोन शब्द आले.

'जागा राखीव.'

निवडणुका जवळ आल्या की चांगल्या भिंतींसाठी पेंटरांची चढाओढ लागायची. मग ज्याला भिंत मिळेल तो कोपऱ्यात गेरूनं एवढंच लिहून जायचा आणि नंतर सवडीनं मजकूर करायला यायचा. त्या भिंतीला दुसरा पेंटर हात लावत नसे आणि पहिला येईपर्यंत कोणी ती पुसतही नसे. मी ऑफिसातच हसायला लागले आणि हसता हसता रडले. फोन मोकळा झाल्यावर आईला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मंग उद्या लिवतील."

आणि खरंच लिहिलं. पुढची काही वर्षं नाना रोज दुपारी त्या पानावर बोलले. आमटीत मीठ कमी आहे. ताईनं फोन करावा. तुझा 'र' बसलाय, त्याला उभा कर. मी तो 'र' तीनदा बदलला, तरी त्यांना पसंत पडला नाही. थकले की वाक्य तसंच सोडून पुढे 'जागा राखीव' लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी ते पुसून वाक्य पुरं करायचे. कधी भिंत ओली निघाली तर माझ्यावर न चिडता झोपून जायचे. आमच्या घरात पुन्हा बोलणं आलं होतं, कुरबुरींसकट. मी फार सुखात होते.

नाना गेले ते सकाळी, चहाच्या वेळेला. आदल्या दुपारची त्यांची ओळ अशी होती: 'तुझ्या आईला एक सांगायचं आहे. जागा राखीव.'

दिवसकार्य उरकल्यावर ताई म्हणाली, आता त्या फाइलीची लिहिण्याची परवानगी काढून टाक, म्हणजे नानांच्या मजकुराला कोणाचा धक्का लागणार नाही. तिचं बरोबर होतं, असंच करायचं असतं. मी कॉम्प्युटरसमोर बसले. आई शेजारी येऊन बसली आणि काय करतेस म्हणून विचारलं. फाइल बंद करतेय, म्हटलं. वाचता येईल, पण यापुढे तिथं कोणालाच काही लिहिता येणार नाही.

आई त्या शेवटच्या ओळीकडे बघत राहिली.

"त्यांना बी नाय?" तिनं विचारलं.

मी फाइल उघडीच ठेवली. त्यानंतर सर्व्हर बदलले, ऑफिस बदललं, पण दर वेळी ती फाइल नेताना मी लिहिण्याची परवानगी तशीच देत आले. आई अधूनमधून ते पान लावून मागते. पान उघडतं, एक ठिपका लिहून पुसतं आणि तिला सांगतं, भिंत कोरडी आहे.