ताडीविना कुमास

मनोरमा कुणाचे उपकार ठेवून घेणारी बाई नव्हे. शारजातल्या अल मजाजच्या त्या टॉवरमध्ये लिफ्ट बंद पडली की वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना हिंदीत झापणारी ती. पण समोरच्या फ्लॅटमधल्या खोरशेद आंटींपुढे तिचा आवाज खाली यायचा. अनन्या झाली तेव्हा पुण्याहून आईला येता आलं नव्हतं आणि नवरा, विष्णू, दिवसभर ऑफिसात. ही पारशी बाई न बोलावता आली, बाळाला तेल लावलं, मनोरमाला न्हाऊ घातलं, ती रडत बसली तेव्हा दम देऊन जेवायला लावलं. अनन्या आता सातवीत गेली, तरी मनोरमाच्या तोंडून आभाराचा शब्द निघाला नव्हता.

आणि आंटी कायमच्या घोलवडला, भावाकडे निघाल्या होत्या. फ्लाइट त्याच रात्रीची. मनोरमाने ठरवलं, तोंडाने जमत नाही ना, मग कुमास करून द्यायचा. धर्म वाचवायला इराणातून समुद्र ओलांडून आलेल्या या लोकांचा हा केक: रवा, गव्हाचं पीठ, अंडी, तूप, साखर, वेलची-जायफळ, आणि फुगायला ताडी. आंटींच्या आईच्या कुमासाची गोष्ट ऐकून ऐकून मनोरमाला पाठ होती. शारजात दारूबंदी, ताडीचं नाव काढायची सोय नाही, म्हणून तिने यीस्ट आणलं.

यीस्टला कोमट पाणी लागतं. इथे उन्हाळ्यात छतावरची टाकी अशी तापते की गार पाण्याचा नळ पोळतो. म्हणून घरोघरी गीझर बंद ठेवतात आणि घरातल्या एसीत निवलेलं त्याच्याच नळाचं पाणी गार म्हणून वापरतात. मनोरमाला हे ठाऊक होतंच. फुकटचं गरम पाणी असताना गॅस कशाला, म्हणत तिने भर दुपारी गार नळाखाली वाटी धरली.

संध्याकाळ झाली तरी पीठ ढिम्म. अनन्याने त्यात बोट खुपसलं आणि निकाल दिला, "आई, इट्स डेड."

मनोरमाने सुपरमार्केटला शिव्या घातल्या, मग अनन्याच्या बोटाला. विष्णू म्हणाला, मॉलमधून केक आणू, खलास. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाडीत पेट्रोल भरायला निघून गेला.

मग तिने भांडं उचललं आणि समोरची बेल वाजवली. मदत मागायची तिला सवय नव्हती.

आंटींनी पीठ दाबून पाहिलं. पाणी कुठल्या नळाचं, विचारलं. उत्तर ऐकून बॅगेवर बसून खोकला येईपर्यंत हसल्या.

"अरे डिकरी, सगळ्या बिल्डिंगशी भांडून झालं, आता यीस्टलाही पोळून मारलंस?"

त्या मनोरमाच्याच स्वयंपाकघरात आल्या. गीझरच्या नळाचं पाणी घेतलं, नवं यीस्ट भिजवलं, त्याच पिठात मिसळून मळलं. पीठ हळूहळू वर येऊ लागलं. दोघी त्याच्याकडे बघत बसल्या.

"तुम्हाला द्यायला करत होते," मनोरमा म्हणाली, "आणि तुमच्याकडूनच करून घेतला. बाळंतपणात तुम्ही नसतात तर मला वेड लागलं असतं, आंटी. हे मी कधी बोलले नाही."

"बोललीस ना आता. ओव्हन लाव."

कुमास निघाला तेव्हा विष्णू बॅगा खाली नेत होता. आंटींनी गरम तुकडा मोडला, सावकाश खाल्ला.

"माझ्या आईचा याहून चांगला व्हायचा."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मनोरमाने भांडण उकरलं असतं. तिने डोळे पुसले आणि उरलेला कुमास डब्यात भरायला घेतला.