जर्मनीची पोर आणि आमचा नाका

पिठाच्या गिरणीत नंबर लागेपर्यंत आम्हा बायकांना दुसरं काम काय? ज्यांची पोरं परदेशात, त्या सगळ्या तिकडच्या रस्त्यांच्याच गोष्टी सांगतात. एकीची संपते न संपते तोवर दुसरीची सुरू! हसतो आम्ही. पण यंदा नाताळच्या सुट्टीत मला काही हसू येईना. लेक जर्मनीहून यायची होती, सात वर्षांच्या तन्वीला घेऊन. आणि त्या पोरीला एवढंच ठाऊक, की पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवला की गाडी थांबते!

*

मी लेकीच्या बाळंतपणाला तिकडं गेले होते. रस्त्यावर एक गाडी नाही. सिग्नलच्या खांबावर लाल माणूस पेटलेला, आणि पाच-सहा धडधाकट माणसं, दोन बारकी पोरं त्याच्याकडं बघत गप उभी! मी आपली पदर खोचून निघाले. मागनं एक म्हातारी असली ओरडली, की मी रस्त्यातच थबकले. वाटलं, आली गाडी! वळून बघते तर काहीच नाही.

लेक शरमेनं म्हणाली, "आई, इथं बारकी पोरं बघत असली की लालवर कुणी जात नाही."

"अगं, आपल्यात पोरांचा हात धरूनच जात्यात की!"

*

शेजारच्या अक्काताई पोराकडं अमेरिकेला गेल्या. तिकडं गाड्या उलट्या बाजूनं चालतात. अक्काताईंनी सवयीनं उजवीकडं बघितलं, मोकळं दिसलं, पाय टाकला. गाडी आली डावीकडनं! पोरानं पदर धरून मागं ओढलं म्हणून वाचल्या.

तेव्हापासनं त्या वनवेलासुद्धा दोन्हीकडं बघतात. मी हसले, तर म्हणाल्या, "हस की! आपल्यात वनवेला चारीकडनं येत्यात!"

*

तन्वी आली. दुसऱ्याच दिवशी शहरातल्या सिग्नलला चालणाऱ्यांचा हिरवा माणूस लागला, आणि पोर निघाली. तेवढ्यात तीन मोटारसायकली नाकासमोरनं सुसाट गेल्या. मी फ्रॉक धरून मागं खेचली.

"आज्जी, हिरवा माणूस आपला होता ना? मग ते का आले?"

"त्यांस्नी घाई हाय, बाळा."

"आपल्याला नाही घाई?"

"आपल्याला जगायचं हाय!"

*

मग अंगणात शिकवणी लावली. हात वर करायचा, गाडीवाल्याकडं बघायचं, पळायचं नाही.

"हात केला की थांबतात?"

"थांबत न्हाईत. वळवून घेत्यात."

पोरीला काही ते पटलं नाही. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

*

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी नाक्यावर उभ्या. दोन ट्रॉल्या भरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, गाणं दणदणत. माझ्या हातातनं तिचा हात कधी सुटला, कळलं नाही. बघते तर पोर रस्त्याच्या मधोमध! मान ताठ, चाल सावकाश.

मी ओरडले, पण त्या गाण्यात काही ऐकू जाईना.

करकचून ब्रेक लागला. मागची ट्रॉली कलली, ऊस धडाधड रस्त्यावर पडला. पुढचं चाक पोरीपासनं हातभर लांब थांबलं. तन्वीनं हसून हात हलवला, "थँक्यू काका!" आणि पलीकडं गेली.

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं आणि उतरला. तोंड पांढरंफटक. म्हटलं, आता आयमाय काढणार. पण तो वाकला, चपलेनं रस्त्यावरची धूळ सारली, आणि खाली बघितलं.

मग हळूच म्हणाला, "आज्जी, हे पांढरं पट्टं हितं कवापास्नं हाईत?"